शिंगल्सची ‘३० वर्षे वॉरंटी’ नेमकी कशाची असते?

आंजर्ले_व्हाया_पुणे
आंजर्ल्याला वडिलोपार्जित घर आहे. वाशे आणि रिपा वाळवीनं पोखरल्यात. शिमगा झाला की छप्पर उतरवून लोखंडी सांगाडा, त्यावर १२ मिमी प्लाय आणि वर डांबरी शिंगल्स (कौलांऐवजी एकावर एक ठोकायचे पातळ तुकडे) असं ठरतंय. कौलं पुन्हा न चढवण्याचं कारण एकच, दरवर्षी शाकारायला माणूस मिळत नाही आणि आम्ही तिथे असतो गणपतीला नि शिमग्याला.

विक्रेत्याच्या पत्रकावर ठळक अक्षरांत तीन गोष्टी आहेत: ३० वर्षे मर्यादित वॉरंटी, वारा ताशी १७७ किमीपर्यंत, आणि शेवाळरोधक १० वर्षे. मूळ वॉरंटी मागितली तर त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक इंग्रजी पीडीएफ टाकली. निम्मी पानं ‘खालील गोष्टी यात येत नाहीत’ याचीच.

मला कळत नाहीये ते असं. घर गळलं तर कंपनी येणार का? वादळात शिंगल्स उडाले तर? घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे, त्याचा काही संबंध? आणि पंधरा-वीस वर्षांनी हातात नक्की काय पडतं? इथे कुणी खरोखर क्लेम केला असेल तर अनुभव लिहा.

‘कौलंच घाला’ म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

खाजा_मालवणी
कौलांच घाल.

सोलकढी_रिफिल
नमस्कार पोचला :)

निवृत्त_ओव्हरसिअर
पीडीएफ उघडून वाचलीत हेच विशेष. बहुतेक लोक पत्रकावर विसंबतात आणि पीडीएफ फोन बदलताना हरवतात.

कंपनी मुळात एवढंच कबूल करते: माल बनवताना कारखान्यात खोट राहिली आणि त्या खोटीमुळे छपरातून पाणी आलं, तर आम्ही पाहू. म्हणजे गळलं एवढं पुरत नाही, शिंगलच्या खोटीमुळे गळलं हे ठरावं लागतं. शिंगल म्हणजे मध्ये काचतंतूंची जाळी, तिच्यावर डांबराचा लेप आणि वर भाजलेल्या रंगीत दगडाचे दाणे. यातलं काहीतरी कारखान्यातच बिघडलं तर दाणे पट्ट्यापट्ट्यांनी गळतात, थर सुटतात, तडे जातात, कडा वळतात. ही झाली खोट. पहिल्या पावसात पन्हळीत वाळूसारखे काळे-तांबडे दाणे दिसतात ते मात्र जास्तीचे असतात, त्याला घाबरून कंपनीला फोन करू नका.

आता माझा अनुभव. नोकरीत असताना आणि नंतरही मी गळणारी छपरं पुष्कळ पाहिली. त्यात शिंगल बहुधा निर्दोष असतो. पाणी शिरतं ते दोन उतार मिळतात त्या घळीत, छप्पर भिंतीला टेकतं तिथल्या पत्र्याच्या पट्टीतून, टाकीच्या पाइपाभोवती. हे सगळं ठोकणाऱ्याचं काम. त्याची हमी कंपनी घेत नाही. प्लाय फुगला, सांगाडा बसला, कुणी छपरावर नाचलं, फांदी पडली, अँटेनासाठी भोकं पाडली, आतली हवा कोंडून शिंगल भाजून निघाले: सगळं बाहेर. छत खराब झालं, टीव्ही भिजला, गादी कुजली, तेही बाहेर.

पंधरा-वीस वर्षांनी काय पडतं ते हिशेबानं सांगतो. समजा नुसता शिंगल्सचा माल १ लाख २० हजारांचा. वॉरंटी ३० वर्षे, म्हणजे ३६० महिने. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर खोट सिद्ध झाली. २१६ महिने वापरून झाले, १४४ उरले, म्हणजे ४० टक्के. तुमच्या वाट्याला ४८ हजार, आणि तेही बहुधा नव्या शिंगल्सच्या रूपात. परांची बांधणं, जुनं उतरवणं, मजुरी, कचरा वाहून नेणं हे तुमच्या खिशातून. सुरुवातीची काही वर्षं, बऱ्याच कंपन्यांत दहा, अशी कपात नसते, काही ठिकाणी मजुरीही मिळते. तुमच्या कागदात हा पहिला काळ किती आहे ते आधी पाहा. ३०चा आकडा त्यानंतर.

आंजर्ले_व्हाया_पुणे
काका, पाहिलं. पहिली पाच वर्षं कपात नाही. मजुरीचा उल्लेख कुठेच नाही.

निवृत्त_ओव्हरसिअर
उल्लेख नसेल तर नाही असं धरून चाला. ‘दुरुस्ती, बदली की परतावा हे कंपनी ठरवेल’ असं एक कलम असेलच. आणि बदलून दिलेल्या मालाला नवी ३० वर्षं मिळत नाहीत, जुन्यातली उरलेली मिळतात.

न्यू_जर्सीतला_चिपळूणकर
इथे अमेरिकेत घरोघरी हेच शिंगल्स, त्यामुळे चार शब्द.

इथल्या कंपन्या तर ‘आजीवन’ वॉरंटी विकतात. कागदात ते आजीवन म्हणजे मूळ मालक जोवर त्या स्वतंत्र घराचा मालक आहे तोवर. मालकी संस्थेची किंवा हौसिंग सोसायटीची असेल तर ते ४०-५० वर्षांवर येतं. घर विकलं तर वॉरंटी नव्या मालकाकडे बहुधा एकदाच जाते, आणि ठरलेल्या मुदतीत कंपनीला कळवलं तरच. गावच्या सामाईक घरांना हे लागू करून बघा. सातबाऱ्यावर चुलत्या-आत्यांसकट पंधरा नावं. मूळ मालक कोण?

दुसरं, वरच्या दर्जाची वॉरंटी, ज्यात ठोकणीही येते, ती हवी तर कंपनीनं प्रमाणित केलेला कंत्राटदार लागतो आणि खालचा कागद (शिंगल्सखाली अंथरतात तो थर), कडेची पट्टी, आढ्यावरचे तुकडे हे सगळं त्याच कंपनीचं घ्यावं लागतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. इथल्या बऱ्याच वॉरंट्या अमेरिका आणि कॅनडातल्या घरांपुरत्याच असतात. तोच माल कंटेनरमधून न्हावा-शेवाला उतरला म्हणून वॉरंटी बोटीतून येत नाही. तुमच्या पीडीएफमध्ये कुठल्या देशांत लागू आहे ते शोधा.

सोलकढी_रिफिल
सामाईक घर + मूळ मालक... या विषयावर वेगळा धागा काढा, पाचशे प्रतिसाद नक्की.

वळचणीचा_पाहुणा
आमच्याकडे आजोबांच्या नावावर आहे अजून. आजोबा जाऊन जमाना झाला. त्यांचं आजीवन संपलंय.

दिवेआगर_होमस्टे
क्लेमचा अनुभव विचारलात म्हणून लिहिते. आमच्या खोल्यांवर शिंगल्स आहेत. एक क्लेम फेटाळला गेला, एक मंजूर झाला. दोन्ही सांगते.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ इथे उतरलं. हवामान खात्यानं वारा ताशी ११० ते १२० किमी सांगितला होता. आमच्या पत्रकावरचा आकडा त्याच्या बराच वर, म्हणून आम्ही निर्धास्त. सकाळी सुपारीची बाग उभी होती, संध्याकाळी आडवी. पश्चिमेकडच्या उतारावरचे शिंगल्स पानं उलटावीत तसे वर आले, बरेच गेले. पूर्वेकडचा उतार जागच्या जागी.

कंपनीकडे अर्ज केला. त्यांनी फोटो, बिल, पुठ्ठ्यावरचा बॅच क्रमांक आणि उडालेल्या शिंगल्सचे नमुने मागितले. दुरुस्ती आधी करू नका असंही म्हणाले, तर आम्ही भर पावसात निळी ताडपत्री बांधून बसलो. मग माणूस आला. प्रत्येक शिंगलला चार खिळे होते. वाऱ्याच्या त्या वरच्या आकड्यासाठी सहा खिळे आणि कडेला खास सुरुवातीची पट्टी अशी अट होती. काही खिळे आखलेल्या रेघेच्या वर बसलेले. आणि शिंगलच्या पोटाशी जो चिकट पट्टा असतो, जो उन्हानं वितळून खालच्या शिंगलला धरतो, त्याच्यावर तांबड्या मातीचा थर. त्यानं नखानं खरवडून दाखवला. काम चालू असताना शेजारी चिऱ्यांचा ट्रक खाली होत होता, ती धूळ. पट्टा चिकटलाच नव्हता. क्लेम नामंजूर.

मंजूर झालेला वेगळ्या खोलीचा. तिथे दाणे सरळ रेघांत गळून आतली काळी जाळी दिसायला लागली होती. नमुने पाठवले, खोट मान्य झाली, नवीन बंडलं आली. माल फुकट, मजुरी आमची, आणि रंग थोडा वेगळा. पाहुणे विचारतात की मुद्दाम तसं डिझाइन केलंय का. हो म्हणते.

आंजर्ले_व्हाया_पुणे
ताई, फार उपयोगी. म्हणजे १७७चा आकडा चार खिळ्यांसाठी नसतोच?

दिवेआगर_होमस्टे
आमच्या कागदात तरी नव्हता. चार खिळ्यांना एक आकडा, सहाला दुसरा. पत्रकावर मोठा तेवढा छापलेला. शिवाय वाऱ्याची हमी पूर्ण ३० वर्षं नव्हती, त्याची मुदत वेगळी आणि बरीच कमी होती.

निवृत्त_ओव्हरसिअर
आणि एक अडकवणारं कलम. एका पानावर अमुक वेगापर्यंत वारा समाविष्ट, दुसऱ्या पानावर चक्रीवादळ वगळलेलं. काही कागदांत ‘वाऱ्याच्या कलमात दिलं आहे ते सोडून’ असं लिहिलेलं असतं, तिथे ठीक. ते शब्द नसतील तर कंपनीला ई-मेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर धरू नका.

खाजा_मालवणी
माझ्या कौलांक वारो लागलो तर ती खाली पडतत. मी उचलतंय, फुटली नसतीत तर परत लावतंय. नमुनो खंय पाठवूचो नाय, पीडीएफ नाय. माकडां नाचली तर मात्र वॉरंटी माकडांकडेच मागूची लागता.

हापूस_की_पायरी
माकडांवरून आठवलं, शिंगल्सवर वानरं उड्या मारतात तेव्हा काय होतं? आणि नारळ? आमच्या छपरावर झुकलेले दोन माड आहेत. कौल फुटतं तेवढं एक बदलता येतं.

छप्परवाला_रत्नागिरी
मी हे काम करतो म्हणून बोलतो. वानरांनी शिंगल फुटत नाही, हा त्याचा मोठा फायदा. दुपारच्या उन्हात डांबर मऊ असतं तेव्हा नखांनी दाणे निघतात इतकंच. नारळ पडला तर प्लायला खड्डा पडू शकतो, शिंगल फाटतो, आणि ते कुठल्याही वॉरंटीत नाही. माड उतरवून घ्या किंवा नारळ वेळेवर पाडून घ्या.

बाकी वरती सगळं खापर ठोकणाऱ्यावर फुटतंय म्हणून आमची बाजू. मालक दर विचारताना तीन ठिकाणी फिरतो आणि सगळ्यात स्वस्ताला काम देतो. तो स्वस्तवाला चार खिळेच मारणार. खिळे साध्या मुलाम्याचे, समुद्राजवळ ते लवकर गंजतात आणि डोकी उडतात. मी गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस वापरतो, तर मालक म्हणतात खिळ्यांना एवढे पैसे? दुसरं, खिळे मारायच्या गनमध्ये हवेचा दाब जास्त ठेवला की खिळा शिंगल कापत आत घुसतो. वरून काही दिसत नाही, वारा आला की कळतं. मी हातोडीनं मारतो, वेळ लागतो.

मी माझ्या कामाची पाच वर्षांची लेखी हमी देतो, गळती सकट. त्यात वादळ आणि माझ्यानंतर दुसऱ्या कुणी छपरावर चढून केलेलं काम धरत नाही.

निवृत्त_ओव्हरसिअर
लेखी देता हे चांगलं. पण तुम्ही लोक प्लायच्या दोन फळ्यांत फट ठेवत नाही. ३ मिमी तरी हवी. पावसाळ्यात प्लाय फुगतो, फळ्या एकमेकींना रेटतात, वर शिंगलची रेघ उठते. मग कंपनी म्हणते पायाभूत पृष्ठभाग हलला, आमची जबाबदारी नाही.

छप्परवाला_रत्नागिरी
ठेवतो हो. प्लाय आयएस ७१०चा, मरीन ग्रेड, घेतला तर फुगतो पण कमी. मालक ‘वॉटरप्रूफ’ असा शिक्का बघून स्वस्तातला घेऊन येतात त्याला काय करू? माझं तर मत आहे की समुद्रकाठी प्लाय नकोच, उताराचा स्लॅब घाला आणि त्यावर शिंगल्स चिकटवा.

निवृत्त_ओव्हरसिअर
इथे माझा विरोध. बहुतेक कंपन्यांच्या सूचना खिळा धरणाऱ्या पृष्ठभागासाठी लिहिलेल्या असतात. नुसतं काँक्रीटवर चिकटवून वाऱ्याची वॉरंटी मागायला गेलात तर हाकलून देतील. स्लॅब हवा असेल तर कंपनीची त्या पद्धतीला लेखी मान्यता घ्या. शिवाय स्लॅबला भेग गेली की तिच्या बरोबर वरचा शिंगलही जातो.

छप्परवाला_रत्नागिरी
माझे स्लॅबवरचे शिंगल्स तौक्ते वादळात, २०२१च्या मे महिन्यात, हलले नाहीत. कागदाचं तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, छप्पर मात्र जागेवर आहे.

वळचणीचा_पाहुणा
दोघेही बरोबर वाटताय आणि मला आता काहीच बांधायचं नाही.

विमा_घ्या_म्हणत_नाही
धाग्यात कुणीच विमा काढला नाही म्हणून लिहितो. (काढला नाही, दोन्ही अर्थांनी.) वादळात छप्पर गेलं तर ते वॉरंटीकडे मागायचं कामच नाही. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज, झाड पडणं या गोष्टी तिच्यात आहेत. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चावर ठरते, जागेच्या बाजारभावावर नाही, त्यामुळे गावच्या घराचा हप्ता ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. कारखान्यातली खोट आणि वाईट ठोकणी मात्र विम्यात येत नाही, झीजही येत नाही. गावचं घर वर्षातले कितीतरी महिने कुलपात असतं, तेव्हा बंद घराबद्दलचं कलम आधी विचारून घ्या आणि घर बंद असतं हे लपवू नका.

दिवेआगर_होमस्टे
हे आम्ही निसर्गनंतर केलं. आधी केलं असतं तर वगैरे आता बोलत नाही.

हापूस_की_पायरी
शेवाळरोधकचं काय? आमच्या चिऱ्याच्या गडग्यावर दरसाल हिरवा गालिचा येतो.

न्यू_जर्सीतला_चिपळूणकर
त्या हमीत येतात फक्त काळे ओघळ. ते एका निळ्या-हिरव्या सूक्ष्म शैवालाचे असतात, आणि ते रोखायला दाण्यांत तांबं मिसळलेलं असतं. तुम्ही म्हणता तो जाड हिरवा गालिचा वेगळा, तो बहुतेक कागदांत नाही. आणि ओघळ आले तरी कंपनी बहुधा धुवायचा खर्च देते किंवा थोडे शिंगल्स, अख्खं छप्पर नाही. धुताना प्रेशर वॉशर मारलात तर दाणे जातात आणि त्याबरोबर उरलेली वॉरंटीही. आढ्याखाली तांब्याची किंवा जस्ताची पट्टी बसवली की पावसाबरोबर थोडा थोडा धातू खाली उतरतो आणि वाढ कमी होते. माझ्या इथल्या शेजाऱ्यानं केलंय, पट्टीखालचा भाग स्वच्छ दिसतो.

सोलकढी_रिफिल
तांब्याची पट्टी आमच्या गावात रात्रीत भंगारात जाईल.

वकीलबाई_सावंतवाडी
कायद्याचा भाग थोडक्यात. वॉरंटीत ‘कंपनीचा निर्णय अंतिम’, ‘दावा फक्त अमुक शहरात’ असं काहीही लिहिलेलं असो, ग्राहक आयोगाचा मार्ग त्यामुळे आपोआप बंद होत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आंजर्लेकर पुण्यातही करू शकतात. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवून पाहा, कधीकधी तिथेच मिटतं.

सदोष मालासाठी कंपनी आणि विक्रेता, सदोष ठोकणीसाठी कंत्राटदार, अशी सगळ्यांना एकाच तक्रारीत पक्षकार करता येतं. नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. परदेशी कंपनी भारतीय कायद्याच्या कक्षेत येत नसली तरी आयातदार नामानिराळा राहत नाही, कायद्यात माल आयात करणाराही विक्रेत्याच्या व्याख्येत आहे. माल सदोष आहे की नाही हे तपासायला आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च तुम्हाला भरावा लागू शकतो. म्हणून उडालेले शिंगल्स जाळू नका, होळीला देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, पक्कं बिल. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे वहीच्या पानावर ‘छप्पर सामान’ आणि एक आकडा इतकंच असतं. जीएसटी वाचवलेला असतो. त्यावर कुणाला नोटीस पाठवणार?

आणि कंपनीच्या कागदातली कळवण्याची मुदत पाहा. दोष दिसल्यापासून ३० दिवस असं काही असतं. बंद घरात दोष कधी ‘दिसला’ यावर वाद होतो. शेजाऱ्याला सांगून ठेवा, पावसाळ्यात एकदोनदा आतून फोटो काढून पाठवायला.

आंजर्ले_व्हाया_पुणे
सगळ्यांचे आभार. विक्रेत्याशी बोलणं झालं, ते लिहितो.

माल युरोपातला. पीडीएफमध्ये देशांची यादी नाही, पण ‘अधिकृत वितरकामार्फत’ असा शब्द आहे. मी आयातदाराकडून त्याच्या लेटरहेडवर लिहून मागितलं की ही वॉरंटी रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराला लागू आहे आणि क्लेम त्याच्याकडे करायचा. आधी ‘असं कुणी मागत नाही’ म्हणाला. मग आलं पत्र. फक्त माल, मजुरी नाही, हेही त्यात साफ लिहिलंय. बिल माझ्या नावानं, त्यावर मालाचं पूर्ण नाव आणि बॅच. कंत्राटदार सहा खिळे मारायला तयार आहे आणि पाच वर्षांची हमी स्टँपपेपरवर देतोय. विमा चुलतभाऊ बघतोय.

दोन गोष्टी राहिल्या. छताखाली आम्ही पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग करणार आहोत. आणि मुलाला छपरावर सोलर हवाय, केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतल्या त्या ७८ हजारांपर्यंतच्या सबसिडीतून.

निवृत्त_ओव्हरसिअर
सीलिंग केलंत तर मधली हवा कोंडते, आणि ‘अपुरं वायुवीजन’ हे क्लेम नाकारायचं आवडतं कारण. नेहमीचा नियम असा: माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग हवेला मोकळा. ९०० चौरस फुटांना ६ चौरस फूट. निम्मी हवा वळचणीतून आत, निम्मी आढ्यातून बाहेर, अशी समतोल सोय असेल तर बरेच ठिकाणी ३ चालतात. जाळी लावा, नाहीतर वटवाघळं येतील. कौलांच्या फटीतून हवा आपोआप खेळायची, इथे ती तुम्हाला करून द्यावी लागते.

सोलरचे पाय शिंगल्समधून जाणार. ती भोकं वॉरंटीबाहेर, आणि सोलरवाला तुमच्या कंत्राटदाराच्या हमीचंही वाटोळं करेल. बसवायचाच असेल तर आत्ताच, छप्पर होताना, पायांच्या जागा सांगाड्यावर ठरवून तिथला पत्रा तुमच्या कंत्राटदाराकडूनच बसवून घ्या.

छप्परवाला_रत्नागिरी
सोलर अंगणात किंवा पडवीच्या बाजूला स्वतंत्र सांगाड्यावर घ्या. मी तर छपरावर नाहीच म्हणेन.

निवृत्त_ओव्हरसिअर
पडवीवरून आठवलं. मुख्य छप्पर खडं असतं पण पडवीचा उतार कमी असतो. मोजलात का? एक फूट आडवं गेल्यावर किती इंच उतरतं? शिंगलची नेहमीची पद्धत ४ इंच आणि वर. २ इंचांच्या खाली शिंगल घालायचाच नाही, तिथे वॉरंटी पहिल्या दिवसापासून नाही.

आंजर्ले_व्हाया_पुणे
चुलतभावाला पाठवून मोजून घेतलं. मुख्य छप्पर ७ भरतं. पडवी ३.

निवृत्त_ओव्हरसिअर
मग पडवीला चालेल, पण खालचा कागद दुहेरी. दुसरा थर पहिल्यावर निम्मा चढवून. तुमच्या पीडीएफमध्ये ‘कमी उतार’ अशा नावाचं पान असेल, त्यात रुंदी दिलेली असते, ते पान छापून कंत्राटदाराच्या हातात द्या. आणि कागद घातल्यावर, शिंगल चढायच्या आधी, फोटो काढा. शिंगल चढल्यावर खाली काय आहे ते कुणालाच सिद्ध करता येत नाही. खिळ्यांचेही फोटो, पट्टी शेजारी धरून.

दिवेआगर_होमस्टे
काम एप्रिलमध्ये उरकेल असं बघा, म्हणजे चिकट पट्ट्याला मे महिन्याचं ऊन मिळतं. आणि त्या दिवसांत आवारात चिरे किंवा वाळू उतरवू देऊ नका. स्टेनलेसचे खिळे दापोलीत मिळाले नाहीत तर व्यनि (खासगी निरोप) करा, माझ्याकडे सव्वा इंचीचा एक डबा पडून आहे.

आंजर्ले_व्हाया_पुणे
व्यनि केला आहे.